इंदापूर परगण्यांतील मुदतीचे कागद : कौल, इस्तावा व तीस सालां जमाबंदी

(१) विषयप्रवेश

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोंकाला इंदापूर तालुका पसरला आहे. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि दोहोंचा संगम तालुक्याच्या अगदीं शेवटल्या कोपऱ्यांत, नीरा-नरसिंहपुरास. नद्यांच्या कांठीं काळी, खोल जमीन. मधला माळ मुरमाड व बरड. सह्याद्रीवर रिता झालेला ढग येथवर पोहोंचतो तेव्हां त्यांत फारसें पाणी उरलेलें नसतें. यामुळें कालवे होण्यापूर्वीं येथील कुणब्याची सारी भिस्त परतीच्या पावसावर व रब्बीच्या ज्वारीवर असे. हस्ताचा पाऊस चुकला म्हणजे वर्ष चुकलें, असाच त्याचा हिशेब.

अशा मुलखांतील माणसें पुढील काळाचा विचार कसा करीत, हें जाणण्याची इच्छा अभ्यासकास होणें स्वाभाविक आहे. परंतु असा विचार कागदावर सहसा उतरत नाहीं. नवस देवापुढें बोलला जातो. पंचांगांतील पर्जन्यफल पारावर ऐकलें जातें व तेथेंच राहातें. पेंवांतलें धान्य कोठवर पुरेल हा अदमास घरच्या कर्त्या माणसांच्या डोक्यांत असतो. कागदावर उतरते ती मुदत. अमुक जमीन, अमुक सारा, व अमुक वर्षांपर्यंत, असें देणारा व घेणारा यांच्यांत ठरलें म्हणजे भविष्यकाळाचा एक तुकडा दोघांनीं मिळून मोजून घेतला असें समजावें. ज्या कागदांत अशी मोजणी आहे त्यांस या लेखांत ‘मुदतीचे कागद’ म्हटलें आहे.

या विषयास इंदापूरच कां निवडलें, तें सांगणें अवश्य आहे. मुंबई इलाख्यांत तीस वर्षांच्या मुदतीची जी जमाबंदी पुढें सर्वत्र पसरली, तिचा पहिला प्रयोग इ. स. १८३६ मध्यें इंदापूर तालुक्यांत झाला, आणि ती मुदत संपल्यावर पहिली फेरपाहणीहि येथेंच झाली. म्हणजे दीर्घ मुदतीचा आरंभ व शेवट हे दोन्ही पाहाण्यास इंदापुराइतकें योग्य ठिकाण दुसरें नाहीं. या कागदांवरून जी गोष्ट दिसून येते ती आरंभींच सांगतों. रयतेनें पुढचें किती पाहावें, हें साऱ्याच्या रकमेपेक्षां तो सारा किती वर्षें हालणार नाहीं यावर अधिक अवलंबून राहिलें. आणि दिलेल्या शब्दाची खरी परीक्षा मुदत चालू असतांना झाली नाहीं, मुदत संपल्याच्या पुढल्या वर्षीं झाली.

(२) कौल व इस्तावा

कौल हा शब्द अरबी. मूळ अर्थ बोल, दिलेला शब्द. मराठी दप्तरांत तो अभयाच्या व सवलतीच्या वचनास रूढ झाला. शत्रूच्या गढींतील लोकांस बाहेर येण्यास कौल, नव्या पेठेंत वाणी-उदमी यांनीं दुकानें मांडावीं म्हणून कौल, परागंदा झालेल्या कुळांनीं गांवास परत येऊन नांगर धरावा म्हणून कौल. या सर्वांत सामान्य गोष्ट एकच : बलवान पक्ष दुर्बळ पक्षास सांगतो कीं, इतक्या काळपर्यंत मी तुजपाशीं इतकेंच मागेन.

शेतीच्या कौलाचा मुख्य प्रकार इस्तावा. पडीत अथवा गतकुळी जमीन जो लावील त्याजकडून पहिल्या वर्षीं नांवापुरता सारा घ्यावयाचा, दरसाल थोडा चढवावयाचा, आणि ठरल्या वर्षीं पूर्ण धाऱ्यास आणावयाचा, ही त्याची रीत. ही चढण कशी काम करी हें एका काल्पनिक उदाहरणानें दाखवितों. समजा, पूर्ण धारा बिघ्यास १६ आणे आहे व इस्तावा सात वर्षांचा आहे. पहिल्या वर्षीं २ आणे, दुसऱ्या वर्षीं ४, याप्रमाणें सातव्या वर्षीं १४, व आठव्या वर्षीं पूर्ण १६. सात वर्षांची बेरीज ५६ आणे. पूर्ण धाऱ्यानें ती ११२ झाली असती. म्हणजे सरकारनें सात वर्षांत अर्धा सारा सोडला. परंतु या सोडलेल्या ५६ आण्यांपैकीं ३६ आणे पहिल्या तीन वर्षांतले आहेत. यांतच या पद्धतीचें मर्म आहे. पडीत काळींत हरळी व कुंदा यांचीं मुळें खोल गेलेलीं असतात. त्यांस उपटण्यास मोठा नांगर व बैलांच्या तीन-चार जोड्या लागतात. पहिलीं पिकें हलकीं येतात. ज्या वर्षांत खर्च अधिक व उत्पन्न कमी, त्याच वर्षांत सूट अधिक. सूट देणाराहि तोट्यांत नसे, कारण पडीत जमिनीपासून त्यास कांहींच मिळत नव्हतें.

शहाजीराजांच्या जहागिरींत पुणें, सुपें व इंदापूर हे परगणे होते. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ व त्याच काळच्या लढाया यांनीं हा मुलूख ओस पडला, आणि दादोजी कोंडदेव यांनीं चढत्या साऱ्याच्या सवलतीवर तो पुन्हा लावणीस आणला, असें उत्तरकालीन बखरी सांगतात. बखरींतील दरांचे आंकडे जसेच्या तसे प्रमाण मानूं नयेत. तथापि पद्धति म्हणून जें वर्णन केलें आहे तें इस्ताव्याच्या अस्सल कौलांशीं जुळणारें आहे. ओसाड मुलूख वसविण्यास रोख द्रव्याहून मुदत अधिक उपयोगी पडते, ही समजूत या भागांत जुनी आहे, एवढें त्यावरून निश्चित म्हणतां येतें.

मुदतीचा लाभ मुख्यतः कोणास होई, हेंहि पाहिलें पाहिजे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची; त्याचा काळ पिढ्यांनीं मोजला जाई, आणि दुष्काळांत गांव सोडून गेला तरी परत येऊन आपली मिरास मागण्याचा त्याचा हक्क गांवकरी मानीत. उपऱ्याचा काळ मात्र कौलाच्या कागदाइतकाच लांब. त्यामुळें विहीर खणणें, ताल घालणें, आंबा लावणें हीं कामें मिरासदार करी. उपरी ज्वारी पेरी व पुढल्या कौलाची वाट पाही. दोघांच्या स्वभावांत फरक होता असें समजण्याचें कारण नाहीं. दोघांच्या मुदती निराळ्या होत्या.

(३) मुदत मोजण्याची रीत

संग्राहकांच्या उपयोगासाठीं कालगणनेविषयीं थोडें लिहितों. कौलांतील वर्षें बहुधा सुहूर सनाचीं असतात. हें वर्ष सूर्य मृग नक्षत्रांत शिरतो तेव्हां, म्हणजे जूनच्या आरंभीं, सुरू होतें. म्हणून त्यास मृगसाल म्हणतात. पेरणीचें वर्ष व दप्तराचें वर्ष एकाच दिवशीं उजाडावें, ही सोय त्यांत आहे. सुहूर सनांत ५९९ मिळविले असतां मृगापासून डिसेंबरपर्यंतचें, व ६०० मिळविले असतां जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंतचें इसवी वर्ष येतें.

उदाहरणार्थ, ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७०, हें इ. स. १७६९–७० होय. या सालीं सात वर्षांचा इस्तावा सुरू झाला असें धरल्यास शेवटलें सवलतीचें वर्ष ‘सीत सबैन’ म्हणजे ११७६, आणि पूर्ण धारा ‘सबा सबैन’ म्हणजे ११७७ पासून, अर्थात् १७७६–७७ पासून. येथें दोन ठिकाणीं चूक होण्याचा संभव असतो. एक, मोडी वाचनांत ‘सबा’ (७) व ‘सबैन’ (७०), ‘तिसा’ (९) व ‘तिसैन’ (९०) यांचा घोटाळा होतो. दुसरी, ‘सात सालां’ असें लिहिलें असतां पूर्ण धारा सातव्या वर्षीं कीं आठव्या, हें कागदाच्या शेवटच्या कलमावरूनच ठरवावें लागतें. अंदाजानें ठरवूं नये. एका वर्षाचा हा फरक कुळाच्या दृष्टीनें लहान नव्हता.

(४) मुदत आंखडते

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती मक्त्यानें देण्याची चाल वाढली. अधिक बोली बोलणाऱ्यास मामलत मिळे, व पुढल्या सालीं त्याहून अधिक बोलणारा आला म्हणजे ती जाई. ज्याचा स्वतःचा काळ वर्षाचा, तो दुसऱ्यास सात वर्षांचा शब्द कसा देणार? आणि दिला तरी तो पाळण्यास तो जाग्यावर असेल याची खात्री कोणीं द्यावी? मक्तेदार वाईट होता कीं चांगला, हा प्रश्न येथें गौण आहे. ज्याची मुदत आंखूड त्याचा हात जड पडतो, हें त्या पद्धतींतच होतें.

त्यांत १८०२ मध्यें यशवंतराव होळकरांची स्वारी आली, हडपसरापाशीं २५ ऑक्टोबर रोजीं पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला, आणि पाठोपाठ १८०३–०४ चा दुष्काळ पडला. पुण्याच्या पूर्वेकडील परगण्यांस या दोन्ही आपत्तींची झळ फार लागली. १८१८ मध्यें इंग्रजी अंमल झाला तेव्हां इंदापुराकडे माणसांहून जमीन पुष्कळ, व लागणीहून पडीत पुष्कळ, अशी स्थिति होती.

(५) प्रिंगलसाहेबांचें गणित

कंपनी सरकारनें प्रथम चालू वहिवाटच पुढें नेली. आकार भारी, व दरसाल पीक पाहून सूट, असा क्रम पडला. वरवर पाहातां यांत दया दिसते. परंतु परिणाम उलट झाला. आपणांस किती द्यावें लागेल हें कुळास पीक उभें राहिल्यावर कळे, आणि तेंहि पाहणीस येणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर. पुढचा विचार करणारास अशा व्यवस्थेंत कांहींच आधार नव्हता. पीक चांगलें आलें तर सूट गेली. म्हणून चांगलें पीक हें संकट वाटावें, अशी ही योजना होती.

हें सुधारण्याकरितां १८२७ मध्यें रॉबर्ट कीथ प्रिंगल यांजकडे पुणें व लगतच्या मुलखाची पाहणी सोंपविली गेली. प्रिंगल हे हेलिबरीच्या कॉलेजांत माल्थस यांच्या हाताखालीं शिकलेले; रिकार्डो यांचा खंडाविषयींचा सिद्धांत त्यांस मान्य होता. जमिनीचें एकंदर उत्पन्न काढावें, त्यांतून लागवडीचा सर्व खर्च वजा करावा, जें निव्वळ उरेल त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, असें त्यांनीं ठरविलें. विचार नेटका होता. परंतु प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें उत्पन्न, बैलांचा खर्च, मजुरी व धान्याचा भाव हे आंकडे खरे असल्याशिवाय त्याचें उत्तर खरें येणें शक्य नव्हतें. आंकडे गोळा करणारे खालचे नोकर लांच घेऊन प्रत हलकी वा भारी लिहीत. आणि ज्या भावांवर गणित उभारलें ते धान्याचे भाव पुढें उतरले. सन १८३० पासून नवा आकार लागू झाला, व थोड्याच वर्षांत इंदापुरांत बाकी तुंबली, जमिनी सुटल्या, कुळें निजामाच्या मुलखांत जाऊं लागलीं. प्रिंगल यांचा हेतु शुद्ध होता हें त्यांच्या टीकाकारांनींहि मान्य केलें आहे. चूक ही कीं, पुढील काळ गणितानें सिद्ध होतो असें त्यांनीं धरलें, आणि गणित चुकल्यास कुळानें काय करावें याची तजवीज ठेविली नाहीं.

(६) सन १८३६ : तीस वर्षांचा कौल

ही दुर्दशा डोळ्यांनीं पाहून जमाबंदी नव्यानें करण्याचें काम हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड व इंजिनियर पलटणींतील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनीं हातीं घेतलें. दोघेहि त्या वेळीं पंचविशीच्या आंतले होते. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा शोध सोडून दिला. गेल्या कित्येक वर्षांत गांवास आकार किती होता, प्रत्यक्ष वसूल किती झाला, किती सुटला, लागण केव्हां वाढली व केव्हां घटली, हें त्यांनीं गांवच्या व मामलतीच्या जुन्या हिशेबांवरून काढलें. कोणत्या रकमेस गांव वसतें व कोणत्या रकमेस उठून जातें, हें त्या हिशेबांत लिहिलेलेंच होतें. तें पाहून त्यांनीं तालुक्याचा आकार पुष्कळ उतरविला, हवामान व बाजाराची जवळीक पाहून गांवांचे गट पाडले, आणि गटाचा दर शेतांवर जमिनीच्या प्रतीप्रमाणें वांटला.

वाचकांपैकीं जे दप्तरांचे अभ्यासक आहेत त्यांनीं येथें थोडें थांबावें. प्रिंगल यांनीं सिद्धांतावरून पुढचें ठरविलें. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जुन्या जमाखर्चावरून. कुळकर्ण्यांच्या रुमालांतील कागद हे पुढील तीस वर्षांच्या योजनेचें साधन झाले. जुन्या कागदांचा इतका प्रत्यक्ष उपयोग फार थोड्या प्रसंगीं झाला असेल.

प्रतबंदीची जी रीत पुढें १८४७ च्या संयुक्त अहवालांत गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनीं मांडली, तिच्यांत जमिनीच्या नऊ प्रती आहेत. पावणेदोन हात खोल अशा उत्तम काळीस १६ आणे धरून खालीं १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ व २ आण्यांपर्यंत उतरावयाचें. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणें इत्यादि दोष असतील तर प्रत आणखी खालीं न्यावयाची. मोजणीस ३३ फुटांची सांखळी, एका सांखळीच्या चौरसाचा एक गुंठा, व ४० गुंठ्यांचा एकर. पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा व १२० बिघ्यांचा चाहूर या जुन्या मापांच्या जागीं हीं मापें कायम झालीं.

परंतु या व्यवस्थेचा प्राण मुदतींत होता. ठरलेला सारा तीस वर्षें वाढणार नाहीं. कुळानें त्या काळांत विहीर खणली, बांध घातला, पडीत तोडली, तरी त्याचा लाभ त्याचाच. आणि याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, कुळ मात्र तीस वर्षांस बांधलेलें नव्हतें. वर्षाच्या ठराविक वेळीं राजीनामा देऊन त्यानें पाहिजे तो नंबर सोडावा, वा कबुलायत देऊन दुसरा घ्यावा. सरकार तीस वर्षांस बांधलेलें, रयत एका वर्षास. इस्ताव्याच्या कौलांत जें बीज होतें तेंच येथें वाढलेलें दिसतें : बलवान पक्षानें आपला हात लांब काळपर्यंत बांधून घ्यावयाचा व दुर्बळ पक्षास मोकळें ठेवावयाचें. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इस्ताव्यावरून ही कल्पना घेतली असें म्हणण्यास आधार पाहिजे; परंतु इंदापूरच्या पाटलास व कुळास ती समजण्यास अडचण पडली नसावी, कारण मुदतीचा शब्द त्याच्या ओळखीचा होता.

त्या काळीं हिंदुस्थानांत भविष्यकाळाविषयीं सरकारचे तीन निरनिराळे विचार चालू होते. बंगाल्यांत १७९३ मध्यें लॉर्ड कॉर्नवालिस यांनीं जमीनदारांशीं कायमचा करार केला. त्यांत पुढचा सर्व काळ एकदमच देऊन टाकला. दख्खनेंत १८१८ पासूनची दरसालची सूट. तींत पुढचा काळ मुळींच दिलेला नाहीं. तीस वर्षांची मुदत ही मधली वाट. वायव्य प्रांतांतहि १८३३ च्या रेग्युलेशनानंतर हीच मुदत पुढें आली. तीस वर्षें म्हणजे मनुष्याची एक कर्ती पिढी. बापानें लावलेल्या आंब्याचें फळ बापास व मुलास खातां यावें, इतका तो काळ आहे.

(७) सावकाराची मुदत

याच शेतकऱ्याच्या घरीं दुसरीहि एक मुदत चालू होती. सारा रोखीनें द्यावा लागे, तो हप्त्याच्या वेळीं. धान्याचा भाव त्याच वेळीं पडलेला. म्हणून कर्ज. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें नोंद न झालेल्या खतावर दावा करण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परंतु सावकार दर तीन वर्षांस मुद्दल व व्याज एकत्र करून नवें खत लिहवून घेऊं लागला. जुन्या व्याजाचें मुद्दल झालें व त्यावर नवें व्याज चढलें. तीन वर्षांत न फिटलेलें कर्ज मुदतीमुळें बुडावयाचें, तें मुदतीमुळेंच वाढूं लागलें.

अशा रीतीनें एकाच कुळाच्या डोक्यावर दोन काळ चालूं लागले. सरकारचा काळ तीस वर्षांचा, सावकाराचा तीन वर्षांचा. तीस वर्षांच्या भरंवशावर विहीर खणावी, तर तिच्याकरितां घेतलेलें कर्ज तीन वर्षांच्या हिशेबानें चढे. शिवाय सारा हलका व निश्चित झाल्यामुळें जमिनीस किंमत आली, आणि किंमत आल्यामुळें ती गहाण पडूं लागली. पूर्वीं ज्या जमिनीवर कोणी कर्ज देत नसे, तीवर आतां देऊं लागले. कर्जबाजारीपणाच्या या धोक्याची सूचना विंगेट यांनीं स्वतः १८५२ मध्यें सरकारास दिली होती.

(८) मुदत संपली

इंदापूरची मुदत १८६६–६७ मध्यें भरली. तिच्या शेवटल्या वर्षांत दोन गोष्टी अशा घडल्या होत्या कीं, १८३६ मध्यें त्यांची कल्पना कोणास येणें शक्य नव्हतें. पुण्याहून निघालेला लोखंडी रस्ता १८५८ मध्यें याच तालुक्यांतील डिकसळास व १८६० मध्यें सोलापुरास पोहोंचला. आणि १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालू असल्यामुळें विलायतेस कापूस मिळेना; दख्खनच्या कापसास विलक्षण भाव आला, त्याबरोबर धान्याचे व मजुरीचे भावहि चढले. फेरपाहणी झाली ती या चढलेल्या भावांच्या छायेंत.

कायदा रयतेस सर्वस्वी प्रतिकूल नव्हता. मुंबईच्या १८६५ च्या पहिल्या कायद्याच्या ३० व्या कलमानें स्पष्ट सांगितलें होतें कीं, कुळानें स्वतःच्या खर्चानें केलेल्या सुधारणेवर आकार वाढवूं नये. वाढ करणें तर भाव, दळणवळण, जमिनीची साधारण किंमत यांवरून करावी. विहिरीविषयींचा शब्द पाळला गेला. परंतु भावांविषयीं शब्द दिलेलाच नव्हता, आणि वाढ तेथून आली. इंदापुरास नवा आकार पुष्कळ चढा लागला. अमेरिकेंतील युद्ध संपून कापसाचा भाव उतरला होताच. पुढें धान्याचे भावहि उतरले. आकार मात्र पुढील तीस वर्षांकरितां लिहिला गेला होता. प्रिंगल यांच्या वेळीं भावांनीं दिलेला दगा सदतीस वर्षांनीं पुन्हा त्याच तालुक्यास बसला. फरक एवढाच कीं, प्रिंगल यांचा भाव गणितांतला होता, व हा प्रत्यक्ष बाजारांतला, पण चार-सहा वर्षांचाच होता.

१८७० मध्यें स्थापन झालेल्या पुणें सार्वजनिक सभेनें सारावाढीचा प्रश्न हातीं घेतला. १८७४ मध्यें सरकारनेंच वाढीस मर्यादा घातली : तालुक्यास वा गांवांच्या गटास शेंकडा ३३, एका गांवास ६६, एका खात्यास १००. म्हणजे मुदत संपल्यानंतर काय होऊं शकतें, याचाहि शब्द देणें अवश्य आहे, हें आठ वर्षांनीं मान्य झालें.

तोंवर १२ मे १८७५ हा दिवस जवळ आला होता. त्या दिवशीं सुप्याच्या बाजारांत लोक जमले व सावकारांच्या दुकानांवर गेले. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें, आज बारामती तालुक्यांत आहे. तेथून दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. बहुतेक ठिकाणीं लोकांनीं माणसांच्या जिवास हात लावला नाहीं. त्यांनीं खतें व वह्या मागितल्या आणि जाळल्या. चौकशीस नेमलेल्या आयोगानें कर्जबाजारीपणावर भर दिला. त्यांतील ऑकलंड कॉल्व्हिन यांनीं सारावाढीसहि मोठें कारण मानलें. येथें तो वाद सोडवावयाचा नाहीं. आपणांस लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, आज आपण ज्या जातीच्या कागदांच्या शोधांत गांवोगांव हिंडतों, तेच कागद त्या लोकांनीं जाळले. कागद गेला म्हणजे त्यांत लिहिलेला पुढचा काळ गेला, असें त्यांस वाटलें. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें दाव्याची मुदत वाढवून दिली, तेव्हां सरकारनेंहि एका अर्थीं तेंच मान्य केलें कीं, तीन वर्षें हा शेतीचा काळ नव्हे.

(९) जें कोणासच दिसलें नाहीं

कागदावर मोजलेल्या काळांत न मावणाऱ्या गोष्टी या तालुक्यांत पुढेंहि घडल्या. १८७६ च्या दुष्काळांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम निघालें. भाटघरच्या धरणाचें पाणी बारामती व इंदापूर तालुक्यांत आलें, व जेथें चांगल्या सालींहि रब्बीचीच आशा, तेथें ऊंस उभा राहिला. मुरमाड म्हणून दोन-तीन आण्यांच्या प्रतींत टाकलेलें रान पाण्यामुळें दुसरेंच झालें. पुढें भीमेवर उजनीचें धरण झालें. १९८० च्या सुमारास तें पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तरेकडील नदीकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवाचें जुनें देऊळ उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे वर दिसतें. त्या पाण्याखालीं केवळ देवळेंच गेलीं नाहींत. ज्या सोळा आण्यांच्या काळीसाठीं इतके कौल लिहिले गेले, ज्या शेतांच्या हद्दीस सर्व्हेचे दगड पुरले गेले, ती काळी जमीन व ते दगडहि तेथेंच आहेत. त्या शेतांचा पुरावा आतां कागदांतच उरला आहे.

(१०) संग्राहकांस विनंति

शेवटीं संग्राहकांस तीन गोष्टी सुचवितों.

पहिली : इस्ताव्याचा कौल हातीं आला म्हणजे तेवढ्यावर थांबूं नये, त्याच गांवचे मुदत संपल्यानंतरच्या दोन-तीन सालांचे कुळझाडे, लावणीपत्रकें व ताळेबंद शोधावेत. कौल देणाऱ्याचा हेतु कौलांत दिसतो. शब्द पाळला कीं नाहीं हें पुढल्या सालच्या वसुलांत दिसतें. कौल सुंदर अक्षरांत व शिक्क्यासह असतो, म्हणून तो जपला जातो. ताळेबंद मळकट व कंटाळवाणा असतो, म्हणून तो रद्दींत जातो. परीक्षेचा कागद मात्र तोच आहे.

दुसरी : भीमाकांठच्या बुडालेल्या गांवांतील पाटील-कुळकर्णी घराणीं नव्या गांवठाणांत व इतरत्र विखुरलीं आहेत. पुनर्वसनाच्या वेळीं बोचक्यांत बांधून आणलेले रुमाल कोठें कोठें अद्याप सोडलेहि गेले नसतील. मोडी वाचणारे जुने लोक थोडे उरले आहेत. या कामास दीर्घ मुदत नाहीं, हें प्रत्येकानें ध्यानीं धरावें.

तिसरी : सावकारी खतें क्षुद्र समजून टाकूं नयेत. एकाच कुळाचीं तीन-तीन वर्षांच्या अंतरानें लिहिलेलीं तीन खतें जरी ओळीनें मिळालीं, तरी मुद्दल कसें वाढलें याचा जो पुरावा त्यांतून मिळेल तो कोणत्याहि अहवालांत मिळणार नाहीं. सुप्याच्या बाजारांत जें जळलें तें गेलें. जें जळण्यापासून वांचलें त्याची यादी करणें आपल्या हातीं आहे. अशी यादी गांववार, सालवार व मुदत नमूद करून केली, तर कोणत्या काळीं या भागांतील मनुष्य किती पुढचें पाहूं शकत होता, हें अनुमानानें न सांगतां आंकड्यांनीं सांगतां येईल.